पाहुणं बोट

मास्तरांच्या डाव्या हाताचं एक बोट कायम वर असायचं. करंगळीच्या शेजारचं, ज्यात लोक अंगठी घालतात ते. बाकीची बोटं गिटारच्या तारांवर राबायची, घामेजायची, आणि हे आपलं रुसलेल्या जावयासारखं बाजूला, ताठ.

"सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणतात," ड्रम वाजवणारा त्यांचा जन्माचा सोबती ढब्बू लोकांना सांगायचा. "आमच्या मास्तराचं बोट सरळच राहिलं. म्हणून तूप काही निघालं नाही. सूर तेवढा निघाला."

लोक हसायचे. मास्तरही हसायचे, पण हसताना डावा हात खिशात जायचा.

बोट जन्मतः तसं नव्हतं. मास्तरांचे वडील पुस्तकं बांधायचे. घराच्या पुढच्या खोलीत डिंकाचा आंबूस वास, दोऱ्याची रिळं, कातडीच्या पट्ट्या आणि मधोमध बांधलेली पुस्तकं वाळेपर्यंत दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र. वरचं चाक फिरवलं की जाड पाट खाली यायचा. मास्तरांना मिसरूड फुटायच्या वयातली गोष्ट. दुपारी वडील चाक फिरवत होते आणि पोरगा पुस्तकांची चळत सरळ करत होता. बापाच्या हाताचं पोराच्या हाताशी बोलणं झालं नाही, एवढंच. बोट गेलं नाही, राहिलं. पण राहिलं ते खुंटीसारखं. वडलांनी त्यानंतर मरेपर्यंत मुलाच्या डाव्या हाताकडे पाहिलं नाही. जेवताना पाण्याचा पेलासुद्धा त्याच्या उजव्या अंगाला सरकवायचे.

ब्लूज नावाचं ते परदेशी दुःखाचं गाणं मास्तरांनी पहिल्यांदा ऐकलं ते बंदरावरच्या हॉटेलात. तिथल्या जेवणाची कार्डं कातडीत बांधून झाली होती, ती पोचवायला गेले होते. कोपऱ्यात एक म्हातारा गिटार घेऊन बसलेला. एक ओळ म्हणायचा, तीच पुन्हा म्हणायचा, मग तिसरी. आणि प्रत्येक ओळीनंतर तोंड मिटून गिटारला बोलू द्यायचा.

विहीर भरली काठोकाठ, दोर पडला तोकडा,
विहीर भरली काठोकाठ, दोर पडला तोकडा,
तहान माझी सरळ बाई, रस्ता तेवढा वाकडा.

"एकच ओळ दोनदा का म्हणता?" पोरानं विचारलं.

"दुःख एकदा सांगून कुणाला पटलंय का?" म्हातारा म्हणाला. मग त्याची नजर पोराच्या हातावर गेली. "शिकायचंय होय? तू आपली झांज वाजव. तार ओढायची ती याच बोटानं, आणि तुझं तर हे मेलंय."

म्हाताऱ्याचं काही खोटं नव्हतं. ब्लूजचा जीव तार ओढण्यात असतो. तार दांड्यावरच्या पडद्यावर दाबायची आणि दाबल्या दाबल्या आडवी रेटायची. सूर मग खालून वर चढतो, रडू आवरणाऱ्या माणसाचा आवाज चढतो तसा. बहुतेक गिटारवाले हे काम त्या बोटानं करतात, मागून दोन बोटांचा टेकू देऊन. मास्तरांकडे नुसताच टेकू होता. त्यांनी मग त्या टेकूच्या दोन बोटांनीच तार धरली आणि अख्खं मनगट पिळून ओढली, ओलं धुणं पिळावं तशी. सूर आला. पण उशिरा आला; पाठीवर पोतं घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखा, मधल्या पायरीवर दम खात. आणि वर पोचला तेव्हा ऐकणारा हातातला घास तसाच धरून बसला.

त्या उशिरानंच मास्तरांना मास्तर केलं. म्हातारा गेल्यावर त्याच कोपऱ्यात ते बसले. खलाशी यायचे, कापसाचे दलाल यायचे, नवराबायको भांडून आलेली असायची आणि हात धरून जायची. रेडिओनं बोलावलं. एक तबकडी निघाली. ढब्बू पाठीमागे ड्रमवर. 'काठीनं उशी झोडपावी तसं वाजव,' असं मास्तर त्याला सांगायचे आणि तो तसंच वाजवायचा. मग हॉटेलनं गाणी वाजवणारं यंत्र आणलं. यंत्राला जेवण लागत नव्हतं. मास्तर आणि ढब्बू मागच्या दारानं बाहेर पडले आणि मास्तरांनी टायर दुरुस्तीच्या दुकानावरची खोली घेऊन वर्ग काढला.

त्या वर्गात फळा नव्हता, कागद नव्हता. पोरंपोरी अर्धगोल करून समोर बसायची. "माझ्या हाताकडे बघा," मास्तर म्हणायचे. "मी करतो तसं करा. हाताला कळलं की डोक्याला आपोआप कळतं." खालून रबराचा वास यायचा, हवा भरायच्या पंपाचे उसासे यायचे, आणि वर सगळ्यांचे डोळे एका हातावर.

असंच एकदा मास्तरांनी मान वर केली आणि त्यांचं वाजवणं थांबलं. समोर सगळ्यांची बोटं वर होती. तीच, करंगळीशेजारची. धडधाकट, कोवळी, कुठल्याही यंत्रात न सापडलेली बोटं, वाऱ्यावर उभ्या कणसांसारखी रांगेनं ताठ.

'अरे वेड्यांनो, माझं मोडलंय. तुमचं खाली घ्या.' शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याच वेळी छातीत काहीतरी ऊबदार झालं. जे उभा जन्म खिशात लपवलं ते समोर निशाणासारखं फडकत होतं. मास्तरांनी शब्द गिळले. गिळलेला शब्द पोटात राहत नाही, अंगाला लागतो. पुढच्या महिन्यापासून बोट वर धरणं हा नियमच झाला. कुणाचं बोट चुकून तारेवर टेकलं की मास्तर पेन्सिलीनं हलकेच टकटक करायचे.

"ते बोट पाहुणं आहे," ते म्हणायचे. "पाहुण्याला कामाला लावायचं नसतं."

वर्ग हसायचा. बोट वर जायचं.

आणि मग लेक. तिचा हात गिटारच्या दांड्याला पुरा वेढतही नव्हता तेव्हापासून ती बापासमोर बसली. इतरांना पेन्सिल पुरायची. हिचं बोट फार खोडकर, पुन्हा पुन्हा खाली यायचं. मास्तरांनी जुन्या चादरीची एक चिंधी फाडली आणि ते बोट मागे ओढून मनगटाला बांधलं.

"अहो, पोरीचं बोट आहे ते," बायको दारात उभी राहून म्हणाली. "वासरू बांधल्यासारखं काय बांधताय?"

"सवय होईस्तोवर गं."

"सवय बोटाला लावायची की चिंधीला?"

मास्तरांनी गाठ आवळली. चिंधी रोज धुतली जायची आणि मोज्यांच्या शेजारी दोरीवर वाळत पडायची. मग एके दिवशी तिची गरज उरली नाही.

लेक मोठी झाली, बापाच्या पुढे गेली. डोळे मिटून ऐकलं तर बाप, उघडले तर लेक, असं लोक म्हणायचे. मोठमोठ्या सभागृहांतून तिनं वाजवलं. एकदा सगळं सभागृह उठून उभं राहिलं होतं, टाळ्या थांबेनात, आणि पडद्यामागे मास्तर तिला म्हणाले, "तिसऱ्या ओळीला घाई केलीस." ती चिडली नाही. तिच्या टाळ्या तिला इतरांकडून मिळायच्या. बापाकडून खरं मिळायचं. तापानं फणफणली असताना वाजवलं तरी मास्तरांनी कधी वाईटाला बरं म्हटलं नाही. घरात बाकी थापा पुष्कळ चालायच्या. दुधाचं भांडं कुणी उतू घातलं, पाहुण्यांना 'घरी नाहीत' कुणी सांगितलं. पण सुराच्या बाबतीत खोटं नाही. त्यावर त्या दोघांचं सगळं नातं उभं होतं, एका खांबावरच्या मांडवासारखं.

हात बिघडलाय हे आधी आईला कळलं. लेक उजव्या हातानं वेणी घालायला लागली होती. डावा नुसता केसांना टेकलेला. मग एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून सुटला. तिनं "निसटला गं" म्हटलं. आईनं तुकडे गोळा केले आणि पुढच्या वेळी स्टीलचा पेला दिला. मग एका कार्यक्रमात ओढलेली तार बोटांखालून सुटून खाडकन मागे आली. मास्तर पहिल्या रांगेत होते. त्या आवाजानं ते खुर्चीतच दचकले.

हाताची डॉक्टरीण वयानं लहान होती, बोलायला तुटक. तिनं आधी लेकीचा हात पाहिला, मग खुर्चीत बसलेल्या मास्तरांच्या गुडघ्यावरचा हात पाहिला. दोन्ही हातांवर तेच बोट वर.

"हे जन्मतःच आहे का? तुमच्या घराण्यातच?"

"हो, घराण्यातच," आई म्हणाली. "सासऱ्यांच्या यंत्रापासून."

डॉक्टरणीनं लेकीचं बोट वाकवून पाहिलं. ते निमूटपणे वाकलं. सोडलं, तर पुन्हा वर गेलं.

"याला तर काही झालेलंच नाही. कधी अपघात?"

"नाही."

"मग वर का धरता?"

लेकीनं बापाकडे पाहिलं नाही. "सूर तसाच निघतो," ती म्हणाली.

डॉक्टरणीनं मनगट दाबलं. लेकीनं ओठ चावला. मनगटातल्या दोऱ्या घासून सुजल्या होत्या, आणि त्या बोटाचं बळ प्लास्टरमधून काढलेल्या पायासारखं वाळून गेलं होतं. पिळणं असंच चालू राहिलं तर गिटार सोडाच, कपड्याचं बटणसुद्धा लागणार नाही, ती म्हणाली. एक तर वाजवणं सोडायचं, नाहीतर जग वाजवतं तसं वाजवायचं. बोट खाली आणायचं, कामाला लावायचं.

"पण मला कधी दुखलं नाही," मास्तर म्हणाले. आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"तुमचं आपोआप ताठ आहे हो, काका. त्याला काही करावंच लागत नाही. यांनी त्यांचं इतकी वर्षं जोर लावून वर धरलंय."

घरी येताना तिघं एकामागे एक चालली. कोपऱ्यावर आई थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, असं म्हणणार नाही मी." आणि पुढे चालू लागली. त्यापेक्षा म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी वर्गात सगळ्यांना सांगितलं. बोट खाली घ्या. माझं मोडलंय म्हणून वर आहे, तुमचं काय अडलंय? खालचा पंप दोन उसासे टाकून गप्प झाला. मग टपालात काम करणारा एक जुना शिष्य उठला. त्याच्या मिशा पिकल्या होत्या.

"मास्तर, बोट खाली आलं की आमच्यात आणि लग्नात वाजवणाऱ्यात फरक काय राहिला?"

"तुझा हात राहील."

"हात घेऊन काय करू? टपालावर शिक्के मारू? ते मारतोच की रोज." तो दाराकडे वळला. "आम्हाला आधी सांगायचं होतंत. नाहीतर सांगायचंच नव्हतं."

तो गेला, त्याच्यामागे बरेच गेले. कुणी दुसरीकडे शिकायला, कुणी बोट तसंच वर घेऊन आपापल्या घरी. खोली सोडून द्यावी लागली. ढब्बूनं खुर्च्या खाली उतरवायला मदत केली. "चला, शाळा सुटली, पाटी फुटली," तो म्हणाला, पण पुढचं त्याला म्हणवेना.

आता घरातच, सकाळी भांडी घासून झाल्यावर, बाप-लेक समोरासमोर बसायचे. लेक म्हणाली, "दाखवा." आणि दोघंही तिथंच अडले. मास्तर दाखवणार कशानं? जन्मभर 'हाताकडे बघा' म्हणणारा माणूस. त्यांनी तोंडानं सांगून पाहिलं: बोट असं टेकव, मागे दोघांचा आधार दे, मनगट हलवू नकोस. न पाहिलेल्या गावाची वाट सांगावी तसं. लेकीचं बोट थरथरायचं, तारेवरून घसरायचं. त्याच्या टोकाला पहिल्या दिवसाच्या पोरासारखा फोड आला, फुटला, पुन्हा आला. आई संध्याकाळी त्यावर हळद लावायची.

हळूहळू बोट ओढू लागलं. सूर चढू लागला. स्वच्छ चढायचा, झटकन चढायचा, लिफ्टनं वर आल्यासारखा. कपाळावर घामाचा टिपूस नाही. मास्तर ऐकत होते. त्या सुरात कुणी राहत नव्हतं. झाडलोट केलेली, रंग दिलेली, रिकामी खोली.

लेकीनं गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"बाबा, एक विचारते. खरं सांगा. याच्यात कधी जीव येणार नसेल, तर मी माझा जुनाच हात ठेवते. जाईल तेव्हा जाईल. बटणं लावण्यापुरता हात मला नको."

"असं बोलू नये."

"कसा वाटला सूर?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मास्तरांनी लेकीच्या मनगटाकडे पाहिलं. ते आत्ताच अर्धवट वळलं होतं, पिळायच्या तयारीत. खरं एका शब्दाचं होतं. तो शब्द बोलला की ते मनगट पुरतं वळणार होतं.

"छान," मास्तर म्हणाले.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. बाहेरून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज गल्लीच्या टोकाशी विरेपर्यंत ती बघत राहिली.

"खोटं बोलताय."

मास्तरांनी मान खाली घातली.

"बोला," ती म्हणाली. "रोज बोला. या हाताशी टिकून राहायला मला ते लागणार आहे."

आणि तिनं गिटार पुन्हा उचलली.

मग तेच चालू झालं. रोज सकाळी ती वाजवायची, रोज मास्तर "छान" म्हणायचे. सुरुवातीला त्यांचा कान बंड करून उठायचा. खोटा शब्द बोलताना चपलेतली बोटं आवळली जायची, दात शिवशिवायचे. ढब्बू एकदा सकाळचा आला, उंबऱ्यात उभा राहून ऐकलं आणि तोंड कडू झाल्यासारखं केलं.

"काय रे, हे छान?"

"गप बस," मास्तर म्हणाले. "चहा घे आणि गप बस."

पण माणूस रोज काट्यावर बसू शकत नाही. मास्तर त्या सुरात काहीतरी बरं शोधू लागले, म्हणजे खोटं जरा मऊ व्हावं. स्वच्छ तरी आहे. वेळेवर तरी येतो. दुखत तरी नाही. शोधणाऱ्याला सापडतंच. हळूहळू दात शिवशिवायचे थांबले. चपलेतली बोटं मोकळी झाली. 'छान' म्हणताना काहीच होईनासं झालं, आणि मास्तरांना वाटलं, चला, पोरीचा हात सुधारला.

एका दुपारी ढब्बूनं त्यांना सभागृहात नेलं. कुणा नव्या टोळक्याची तालीम चालली होती. त्यांचा ड्रमवाला आजारी, म्हणून ढब्बूला बोलावलं होतं. मास्तर रिकाम्या खुर्च्यांत मागे बसले. त्या टोळक्याच्या गिटारवाल्यानं एक लांबलचक गत वाजवली. संपल्यावर ढब्बूनं ड्रमवरून डोळे मिचकावले, "काय मास्तर?"

"छान आहे पोरगा."

ढब्बू खो खो हसला. गिटारवाला बिचारा लाल झाला. "नाही हो, मास्तर, माझी पाचवी तार केव्हाची सुरातून उतरलीय," तो म्हणाला. "लावतोच आहे."

मास्तरही हसले. ढब्बूनं त्यांचं हसणं पाहिलं आणि त्याचं हसणं विझलं. काठ्या खाली ठेवून तो खुर्च्यांमधून मागे आला, शेजारी बसला.

"गंमत केलीस ना?"

मास्तर पुढच्या खुर्चीच्या पाठीवरची धूळ पुसू लागले.

"पाचवी तार, मास्तर. बैलगाडीचं चाक कुरकुरावं तशी बोंबलत होती."

"वय झालं असेल," मास्तर म्हणाले.

घरी जाऊन त्यांनी आपली जुनी तबकडी लावली. तो सूर आला, ज्यासाठी खलाशी रडायचे. मास्तरांनी डोळे मिटले, वाट पाहिली. सूर चांगला की वाईट, काही म्हणजे काही उमटेना. उशिरा येतोय एवढं कळलं. तबकडी संपून सुई फिरत राहिली, तेव्हा बायको आली आणि तिनंच ती उचलली. त्या दिवसापासून ती त्यांना हाक मारताना जरा जवळ येऊन मारू लागली, आंधळ्याला मारावी तशी.

लेकीला हे कुणी सांगितलं नाही.

तिचा कार्यक्रम ठरला. डॉक्टरणीकडे गेल्यापासूनचा पहिला. त्या संध्याकाळी ती निळं झगझगीत काहीतरी नेसून तयार झाली, खोलीचं दार लावून घेतलं आणि बापासमोर बसली. मास्तरांना तिच्या केसांच्या तेलाचा वास आला, गिटारच्या लाकडाला नुकतंच पुसल्याचा वास आला. तिनं एक अख्खं गाणं वाजवलं. मग म्हणाली:

"बाबा, आज छान नको. आज खरं. आला का? आला नसेल तर आजच्यापुरता मी जुना हात काढते. एक संध्याकाळ निघेल. मग पुढचं पुढे."

मास्तरांनी तोंड उघडलं. तोंडाला एकच शब्द येत होता. तो त्यांनी जिभेवरून मागे ढकलला आणि त्याच्यामागे दुसरा शोधू लागले. पण तिथं दुसरा शब्दच नव्हता.

"बयो," ते म्हणाले, "मला कळत नाही गं आता."

"म्हणजे?"

"ऐकू येतं. कळत नाही. चांगलं काय, वाईट काय, काहीच लागत नाही कानाला." ते ओशाळं हसले. "घासून घासून गुळगुळीत झालाय बघ."

लेकीला काय ते उमगलं, हे मास्तरांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं. सकाळी सकाळी मागून घेतलेला तो एकेक शब्द बापाच्या कानातून कापून दिला गेला होता, ते.

"मग मला आता कोण सांगणार?" ती पुटपुटली. विचारलं नव्हतंच, त्यामुळे उत्तरही नव्हतं. मग ती उठली, गिटार पेटीत ठेवली. "चला. नव्याच हातानं वाजवते मी. जुना हात ऐकायला आता उरलंय कोण?"

आई आली नाही. "माझा जीव वरखाली होतो," म्हणाली आणि दाराला टेकून उभी राहिली.

सभागृह अर्धंअधिक भरलं होतं. मास्तर पहिल्या रांगेत बसले. मागे ढब्बू ड्रमवर. टपालातला तो शिष्यही आला होता, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. लेक वाजवू लागली. मास्तरांनी ऐकायचा नाद सोडून दिला आणि नुसतं पाहिलं. चारही बोटं कामाला होती. कुठलंही वर नव्हतं. मनगट शांत, पाण्यावर ठेवलेल्या पानासारखं. गाणं संपलं, दुसरं झालं, तिसरं झालं. लोकांनी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या, नीट, हिशोबानं. चौथ्या गाण्याच्या मध्ये टपालवाला भिंत सोडून बाहेर गेला. त्याच्यामागे दार हळूच लागलं.

सगळं आटोपल्यावर मास्तर मंचाच्या पायऱ्या चढले. ढब्बू झांजा उतरवून फडक्यात गुंडाळत होता. ढब्बूला जन्मात कधी खोटं बोलता आलं नव्हतं. त्यापायी त्याची दोन लग्नं मोडली होती.

"कसं झालं रे?" मास्तरांनी विचारलं.

ढब्बूनं फडक्याची गाठ मारली. सोडली, पुन्हा मारली.

"छान," तो म्हणाला.

सुरातलं मास्तरांना आता काही कळत नव्हतं. पण हा शब्द त्यांच्या रोजच्या वापरातला होता. तो पोटातून येत नाही, दातांच्या मागून येतो. आणि बोलणारा बोलताना दुसरीकडे कुठेतरी बघतो. ढब्बू गाठीकडे बघत होता.

"हो ना?" मास्तर म्हणाले, आणि खाली वाकून त्याच्या ड्रमचे पाय मिटवू लागले.

लेक मागच्या खोलीतून आली. गिटारची जड पेटी तिच्या डाव्या हातात होती, आणि हात थरथरत नव्हता. ढब्बूकाकांना तिनं "येते" म्हटलं. त्यांनी मान हलवली. बापाला म्हणाली, "चला, आई दारातच उभी असेल अजून."

बाहेर दगडी जिना होता, अंधारा. तिनं पेटी उजव्या हातात घेतली आणि डाव्यानं मास्तरांचं कोपर धरलं. पकड घट्ट होती, तरण्याताठ्या माणसाची. वळणावर ती क्षणभर थांबली तेव्हा मास्तरांना वाटलं, आता विचारील, कसं झालं. ते तयार होऊन उभे राहिले. पण तिनं फक्त पुढची पायरी कुठे आहे ते पायानं चाचपून पाहिलं, आणि त्यांना खाली घेऊन गेली.